भाद्रपद आणि चांदीची कास

यंदाही भाद्रपदातलं ते ऊन आलं. पहाटे पाऊस पडून गेलेला असतो, ऊन वर चढलं की पत्र्यांवरून वाफा निघायला लागतात, आणि अख्खं सुरत झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखं आतल्या आत उकडत राहतं. काल बाल्कनीत ओढणी वाळत घालताना तिचा वास नाकात गेला. घडीतच ओली राहून गेलेल्या सिंथेटिक कापडाचा, किंचित आंबूस, किंचित गोड वास. हातातला चिमटा हातातच राहिला. मी इथे तिसऱ्या मजल्यावर उभी आहे, की पर्वत पाटिया चौकाच्या मागच्या खोल्यांमध्ये पत्र्याच्या शेडखाली एका पांढऱ्या शेळीच्या पोटाला कान लावून बसले आहे, हे मला क्षणभर खरंच कळलं नाही.

शेळीचं नाव चांदी. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं असतील ती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मिरवून सांगते. का सांगू नये? आबा धुळ्याकडच्या गावातून लूमवर काम करायला आले, मागोमाग माय आली, आणि मी इथेच जन्मले. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आबांच्या कारखान्यात हिंदी आणि म्युनिसिपालटीच्या शाळेत पुस्तकातली मराठी, अशी वाट काढत काढत मी मायक्रोबायॉलॉजीपर्यंत पोचले. मायला तो शब्द कधी म्हणता आला नाही. कुणी विचारलं की ती सांगायची, "मन्ही आंडेर बारीक किडासनं शिकस." आंडेर म्हणजे मुलगी. ऐकणाऱ्याला वाटायचं, मी ढेकूण-डासांचं शिकते. मायला त्याचं काही नव्हतं. शिकते, एवढं पुरेसं होतं.

चांदी सुरती जातीची. पाय आखूड, कान लोंबते, अंग इतकं पांढरं की संध्याकाळी शेडमध्ये अंधार झाला तरी ती शेवटपर्यंत दिसत राहायची. शेजारी जीवीबेन नावाची भरवाड बाई होती, तिचा पंधरा-वीस शेळ्यांचा कळप. तिची सून अडली होती तेव्हा माय तिच्या उशाशी बसली, तिचं सगळं बाळंतपण काढलं. त्याबद्दल जीवीबेननं मायची ओटी भरली. नारळाच्या जागी एक ओरडणारं मादी करडू तिनं सरळ मायच्या पदरात टाकलं. "ले बेन, आ तारी दीकरी," म्हणाली. ही घे तुझी लेक. सुरतेत मायची स्वतःची म्हणावी अशी ती पहिली गोष्ट. खोली भाड्याची, पंखा आधीच्या भाडेकरूचा, शहर तर कुणाचं कुणास ठाऊक. चांदी तेवढी तिची.

पहाटे धार काढायच्या वेळी माय डोकं चांदीच्या बरगड्यांना टेकवायची. आमच्या भिंतीपलीकडे लूमचं खातं, छोटासा कारखानाच, होतं, दिवसरात्र खटाखट चालायचं. चांदी त्या आवाजात वाढली, म्हणून त्या आवाजावरच पान्हा सोडायची. कधी लाइट गेली, लूम एका दमात गप्प झाले, की ती दचकून मान वर करायची आणि दूध चोरून घ्यायची. मग माय हळूच जिभेनं टाळूवर लूमचा आवाज काढायची. टक् टक्, टक् टक्. मी अंथरुणातून ते ऐकायची. अर्धवट झोपेत मला वाटायचं, माय सगळं सुरत तोंडानं चालवते आहे.

त्या वर्षी चांदी श्रावणात दुसऱ्यांदा व्यायली होती. दोन करडं. कास अशी भरली होती की चालताना दोन्ही पायांमध्ये मावायची नाही. आता त्या पिशवीबद्दल सांगायला हवं.

आमच्या खानदेशात शेळी चरायला सोडताना तिच्या कासेला कापडाची पिशवी बांधतात. बरोबर हिंडणाऱ्या करडांनी दिवसभर दूध पिऊन टाकू नये, एवढाच हेतू. चार बंद असतात, ते पाठीवर नेऊन गाठ मारायची. गावाकडे ती पिशवी जुन्या धोतराची, सुती, धुऊन धुऊन जाळीसारखी झालेली. सुरतेत जुनं धोतर कुठून आणणार? इथे चिंध्या मिळतात त्या साड्यांच्या. मार्केटमधून पोती भरून निघतात. माय त्यातला एखादा तुकडा हातावर घेऊन सूर्याकडे धरायची. "दख, कितलं गुयगुयीत शे!" त्या गुळगुळीत कापडावर मोठी गुलाबी फुलं होती आणि जरीसारखी चमकणारी एक पट्टी. मायनं दुहेरी करून पिशवी शिवली. काठाला पट्टी लावली. चांदीला बांधली आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिली.

जीवीबेन दारातच हसून लोळायची बाकी. "अरे बेन! तारी बकरी तो शेठाणी थई गई! साडी पेरावी छे ने?"

माय म्हणाली, "तुझ्या शेळ्यांना नेसव तू पण. कुणी नको म्हटलंय?"

"मारी पंदर छे. आखुं मार्केट जोईए मने!" पंधरा शेळ्या आहेत, सगळं मार्केटच लागेल, असं म्हणून ती परत हसली.

चांदी ती फुलांची पिशवी डोलवत गल्लीतून जायची तेव्हा पोरं मागे लागायची. मला वाटायचं, माय स्वतः कधी तशी साडी नेसली नाही. तिनं ती चांदीला नेसवली.

पाऊस त्या वर्षी रेंगाळला. भाद्रपदात ऊन आणि पाऊस एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखे. खाडीचा वास शेडपर्यंत यायचा. गणपती बसले त्या दिवशी एका करडाचा दात चांदीच्या डाव्या सडाला लागला. थोडं रक्त आलं. दुसऱ्या दिवशी डावी बाजू हाताला घट्ट लागली. आमच्याकडे त्याला दगडी म्हणतात; कास दगडासारखी होते म्हणून. मायनं हळद-तेल चोळलं, मग मेडिकलमधून गाईच्या सडात घालायची ट्यूब आणली. उतार पडला. पडला असं वाटलं. चार दिवसांनी परत दगड. परत ट्यूब. गाईचं औषध शेळीला जास्त होईल म्हणून माय अर्धी ट्यूब आज द्यायची आणि अर्धी ठेवून द्यायची. टोपण लावून, कास पुसायच्या ओल्या फडक्यात गुंडाळून, शेडच्या वळचणीला. वरून पिशवी होतीच. दुखऱ्या कासेला माशा बसू नयेत म्हणून तिनं ती आता दिवसरात्र बांधून ठेवली होती.

ज्या हातांनी मला तापात कुशीत धरलं त्याच हातांनी ती हे करत होती. तितक्याच मायेनं.

दूध बदललं. आधी पाणीदार झालं, मग त्यात करड्या रंगाचे बारीक कण. माय तळहातावर धार घ्यायची, बोटानं कण फिरवायची, आणि जमिनीला पुसून टाकायची. उजवी बाजू अजून ठीक होती, पण दुखण्यापायी चांदी खाईना, तेव्हा तिथलंही दूध उतरत चाललं. ती दिवसभर ओरडायची. मोठ्यानं नाही. दारापाशी कुणी हळू आवाजात नाव घेऊन हाक मारावी, तसं.

आबांची रात्रपाळी होती. दिवसा त्यांना झोप लागायची नाही. आबा वाईट माणूस नव्हते, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. त्यांचे हात तुटलेला धागा गाठ न दिसता जोडायचे. मन तसंच होतं, बारीक आणि ताणलेलं. तो आवाज त्यांच्यानं ऐकवेना. एके दुपारी ते बाहेर गेले आणि आले ते खाली मान घालून.

"चाचाले सांगी आलो," ते मायला म्हणाले. "सर्वपित्री झायी का येई तो. घेई जाई."

चाचा म्हणजे बकऱ्यांचा व्यापारी. आमच्या वस्तीत आटलेली, म्हातारी, आजारी शेळी त्याच्याकडे जायची, आणि पुढे कुठे जायची हे कुणी बोलत नसे.

माय भाकरी थापत होती. हात थांबला. "इकू नका," ती म्हणाली. "तुमना पाया पडस. बरी व्हई ती."

"कवय व्हई? ती मरी ऱ्हायनी रोज थोडी थोडी. आणि मी जबान दिधी त्याले."

जबान दिली म्हणजे संपलं. परगावात आलेल्या माणसाजवळ दुसरं काय असतं? आबांना वस्तीत लोक ओळखायचे ते शब्दाला पक्का माणूस म्हणून. माय परातीतलं पीठ नुसतं मळत बसली. तव्यावरची भाकरी जळाली त्याचा वास आधी मला आला.

दुसऱ्या दिवशी मी इंजेक्शनची रिकामी बाटली पाण्यात उकळली, डाव्या सडाच्या पहिल्या धारा सोडून दिल्या आणि पुढचं दूध तीत धरलं. बाटली डब्यात भाकरीशेजारी ठेवून कॉलेजला गेले. बसमध्ये डबा मांडीवर घट्ट धरला होता. बाहेर रस्त्याच्या कडेला साड्यांच्या पोटल्या लादलेले टेम्पो उभे, पावसात चकाकणारे. काचेवरून थेंब तिरके पळत होते. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

प्रॅक्टिकल संपल्यावर मी सरांना विचारलं, एक स्लाइड माझी करू का? ते हो म्हणाले. मी दूध सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तळाचा गाळ घेतला, काचेवर पसरला, रंग दिला, धुतला, वाळवला. ही कामं मला छान यायची. मग भिंगाला डोळा लावला.

काय सांगू काय दिसलं. पुस्तकातले दगडीचे जंतू बारीक ठिपके असतात, द्राक्षांच्या घडासारखे नाहीतर माळेसारखे. इथे ठिपके नव्हतेच. मोठे, लंबगोल, जांभळे मणी होते, एकमेकांपासून अंतर ठेवून तरंगल्यासारखे. आणि मण्यांच्या अंगाला लहान मणी फुटलेले. मोठीच्या कडेवर धाकटी बसावी तसे. काही धाकट्यांच्या कडेवरही आणखी कुणी. मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. इतकं शांत, इतकं सुंदर काही माझ्या चांदीला आतून जाळत असेल, हे मनाला पटेना.

सर येऊन वाकले. फोकस किंचित फिरवला. "रेखा, आ शुं लई आवी तुं?"

"बकरीनुं दूध, सर. अमारी बकरीनुं."

"आमां तो आखो बगीचो छे," ते म्हणाले.

बगीचा. मग ते खुर्चीवर बसले आणि सरळ बोलले. हे यीस्ट आहे, एक प्रकारची बुरशी. ट्यूब देताय का? किती? बुरशीवर त्या औषधाचा उपयोग नाही, उलट तिला आडवे येणारे जंतू तेवढे मरतात. आजपासून देऊ नका, आणि जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. शेळीचं नाव विचारून त्यांनी स्वतःच्या हातानं पेन्सिलनं ते स्लाइडवर घातलं: चांदी.

घरी जाऊन सांगितलं तेव्हा मायला यीस्ट म्हणजे काय हे समजवायला मी म्हणाले, "पाव फुगतो ना, ते ज्यानं फुगतं तसलंच काहीतरी."

माय माझ्याकडे बघत राहिली. "मंग मन्ही चांदीनी कास काय पाव शे का, फुगाले? कालेजमा हाईच शिकाडतस का तुले?"

पण बोलता बोलता तिनं वळचणीची ट्यूब काढली, नळीचं तोंड निरखून बघितलं आणि गटारात फेकून दिली. माझ्यावर विश्वास बसायला तिला शब्द लागत नसत. वेळ लागे, तोही थोडाच.

चांदीला आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं ते साड्यांच्या टेम्पोतून. आबांच्या ओळखीचा टेम्पोवाला होता. मागे पोटल्या, पोटल्यांवर माय, मायच्या मांडीत चांदीचं डोकं. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बघत होता. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वरातीत बसल्यासारखी ताठ बसली.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कास दाबली नाही, आधी पिशवीला हात लावला. पिळली. दुहेरी कापडाच्या मधून पाण्याचे दोन थेंब पडले. मग त्यांनी पिशवी उलटी करून नाकाशी नेली आणि मायच्या हातात दिली. "सुंघो, बेन." मायनं वास घेतला. तोच आंबूस, किंचित गोड वास.

ते सावकाश सांगत गेले. सुती कापड ओल पितं आणि वाऱ्याला देऊन टाकतं. हे कापड वाफ आत कोंडतं. आत ऊब, ओल, सांडलेलं दूध. बुरशीला आणखी काय हवं? सडाला जखम होतीच, आणि त्या अर्ध्या ठेवलेल्या ट्यूबची नळी ओल्या फडक्यातून निघून थेट आत जात होती. आता आतलं रिकामं करणं हाच मोठा उपाय. दिवसातून जितक्या वेळा काढता येईल तितक्या वेळा काढा, आधी चांगली बाजू, मग दुखरी. दुखरीचं दूध माणसाला नाही, करडाला नाही. खड्ड्यात चुना टाकून त्यात ओता. सड आयोडिनमध्ये बुडवा. खाली कोरडं ठेवा. "एक बाजू कदाच जाय," ते म्हणाले. एक बाजू कदाचित जाईल. वाचली तर दुसरी वाचेल.

परतताना माय पोटल्यांवर ताठ बसली नाही. पिशवी तिच्या मुठीत होती. पर्वत पाटियाचा चौक आला तेव्हा ती चांदीच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू येईल असं, "मीच कोंडी मारं तुले."

मी तिला म्हणाले, माय, तू गावची रीत केलीस, रीत बरोबरच होती. रीत आपल्याबरोबर सुरतेला आली, कापड मागे गावात राहिलं. त्यात तुझं काय चुकलं? असं काहीतरी म्हणाले. तेव्हा बहुतेक इतकं नीट म्हणाले नसेन. आता इतकी वर्षं मनात घोळून ते वाक्य गुळगुळीत झालं आहे. ती ऐकत होती की नाही ठाऊक नाही. मूठ सुटली नाही, एवढं दिसत होतं.

मग ते दिवस. ते कसे गेले ते मला सलग आठवत नाही, आणि आठवावेसेही वाटत नाहीत. ते धुक्यातल्यासारखेच बरे. मायनं शेडमधली ओली जमीन खरवडली, चुलीची राख आणि चुना पसरला, तेव्हा चांदी जणू ढगावर उभी राहिली. मागच्या पत्र्याची एक बाजू आबांनी उचकटून दिली, वारा यावा म्हणून. ते विकायचं म्हणत होते आणि वाऱ्याला वाट करून देत होते. माणूस असाच असतो. करडांना उजव्या बाजूचं दूध बाटलीनं पाजायचं काम माझं. ती माझी बोटं चोखत झोपून जायची.

परीक्षा जवळ आली होती. माय धार काढायला बसली की मी पलीकडे चांदीच्या पोटाला कान लावून पाठांतर करायची. आत काय काय चालायचं! खळखळ, गडगड, कुठेतरी दूर लूमचं खातं चालावं तसं. आमच्या भिंतीपलीकडचं खातं आणि चांदीच्या पोटातलं खातं, दोन्हींच्या मधे माझं डोकं. मी बुरश्यांची नावं म्हणायची. लॅटिन नावं, लांबच लांब. माय अधूनमधून विचारायची, "यामधली आपली कोणती?" मी नाव सांगायची. ती मान हलवायची, एखाद्या सोयऱ्याचं नाव कळल्यासारखी. संध्याकाळी पश्चिमेला हजिऱ्याकडचं आभाळ नारंगी व्हायचं आणि तो रंग शेडच्या फटीतून चांदीच्या पाठीवर उतरायचा. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. सर्वपित्री येऊच नये.

जीवीबेन रोज यायची. "शेठाणी, केम छो?" विचारायची, चांदीलाच. कासेवरून उलटा हात फिरवायची आणि मायला म्हणायची, "थशे, बेन. धीरज राख." होईल, धीर धर. एकदा तिनं स्वतःच्या जुन्या सुती साडीचा तुकडा आणून दिला, पुसायला. "आ पाणी पीए छे," म्हणाली. हे पाणी पितं. कापडाबद्दल की कशाबद्दल, कुणास ठाऊक. पण तिचे डोळे ओले होते.

डावी बाजू मऊ पडत गेली. मऊ आणि लहान. कण कमी झाले, मग दूधच कमी झालं, मग तिथे काही उरलं नाही. एखादी खोली आवरून, दार लावून कुणी निघून जावं तशी ती बाजू मिटली. पण चांदीचा आवाज थांबला. ती पाला ओढून खायला लागली. आणि उजवी बाजू एका सकाळी अशी ताठ, उबदार भरलेली होती की मायनं हात लावला आणि परत घेतला, पुन्हा लावला. पहिली धार भांड्यावर वाजली. आबा रात्रपाळीवरून नुकतेच येऊन दारात चपला काढत होते. एक चप्पल पायातच ठेवून ते ऐकत उभे राहिले.

पण जबान दिलेली होती.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी, घटाची माती कुठून आणायची याचं बोलणं चाललेलं असताना, चाचा आला. उंच माणूस, कानात अत्तराचा बोळा, हातात दोरी. ती दोरी बघून मायनं चांदीच्या गळ्यातलं दावं धरलं आणि तशीच उभी राहिली. आबा पुढे झाले. "आवो चाचा," म्हणाले. "ये रही."

मला ओरडावंसं वाटलं. आबा शब्द मोडणार नाहीत हे मला माहीत होतं. मोडावा असं वाटत होतं, आणि मोडला तर ते आबा राहणार नाहीत हेही वाटत होतं.

चाचा उकिडवा बसला. व्यापाऱ्याचा हात, त्यानं आधी डावीकडे चाचपलं. "ये तो गई." मग उजवीकडे. थांबला. सड बोटांत धरून सहज ओढला, आणि दुधाची पांढरी रेघ त्याच्या कुर्त्याच्या बाहीवर उमटली. त्यानं बाहीकडे बघितलं. मग मायकडे. माय त्याच्याकडे बघत नव्हती, ती दाव्याच्या गाठीकडे बघत होती.

चाचा सावकाश उठला, गुडघे झटकले आणि आबांवर जवळजवळ खेकसला.

"क्यों भाई, मुझसे सौदा किस बकरी का किया था?"

"यही तो है, चाचा," आबा म्हणाले.

"बीमार बकरी बोली थी. दूध सूखी हुई. ये बीमार है? ये सूखी है?" त्यानं ओली बाही आबांच्या डोळ्यांसमोर धरली. "गलत माल दिखाता है मेरेको? मैं दूधवाली का धंधा नहीं करता. सौदा टूट गया. और मेरी तरफ से टूटा, तेरी तरफ से नहीं. समझा?"

आबा समजले. त्यांनी हात जोडले. चाचानं दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाला, "बेटा, बकरी के सामने पढ़ती है, सुना मैंने. अच्छा है. ये भी पास हो गई."

तो गेला. जीवीबेन तिच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. करडं एकमेकांना ढुशा देत होती. माय खाली बसली. मग तिनं भांडं ओढलं आणि आबांपुढे सरकवलं.

"आते तुमी काढा," ती म्हणाली.

आबांनी आयुष्यात कधी धार काढली नव्हती. ते उकिडवे बसले, हात पायजम्याला पुसले, परत पुसले. तुटलेला धागा धरावा तसा दोन बोटांनी सड धरला. काही आलं नाही. मायनं त्यांचा अंगठा हलवून नीट बसवला. चांदीनं मान वळवून हा नवा हात कुणाचा ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती पुढे वळली, मागचे पाय किंचित फाकवले, आणि उभी राहिली.